हार्ड लँडिंगनंतरची तपासणी : बाहेरून बोलावलेल्या एका दुरुस्ती पथकाच्या कामाचे परीक्षण

पूर्व विदर्भातील आमच्या उड्डाण प्रशिक्षण तळावर मे महिन्यात एका सेसना १७२ एस विमानाचे हार्ड लँडिंग झाले, म्हणजे ते नेहमीपेक्षा जोरात आपटून उतरले. त्यानंतर तपासणी आणि दुरुस्तीसाठी बाहेरून जे पथक बोलावले, त्याच्या कामाचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव करारातील अटीमुळे देता येत नाही. परंतु अशी सेवा घेण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्या तळांच्या देखभाल विभागांना नावापेक्षा काम कुठे चोख झाले आणि कुठे ढिसाळ, हे समजणे अधिक उपयोगाचे आहे. ५० आणि १०० तासांच्या नित्य तपासण्या आम्ही आमच्याच हँगरमध्ये करतो. सांगाड्याला मार बसल्याची शंका आली, की मात्र भेगा शोधण्याची साधने, ती चालवणारी प्रमाणित माणसे आणि पत्राकामाचा अनुभव हे तिन्ही बाहेरून आणावे लागते. आमच्यासारख्या आडगावच्या तळाला तेव्हा फारशी निवड नसते. जो येतो म्हणेल त्याला बोलावले जाते.

विद्यार्थी आणि शिक्षक सुखरूप होते. टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘विमान थोडे जोरात बसले’ एवढीच नोंद होती. आमच्या लोकांनी केलेल्या पहिल्या पाहणीत नाकाच्या चाकाचा स्ट्रट (धक्का झेलणारा पाय) दबलेला, इंजिनवरचे काउलिंग (पत्र्याचे आवरण) एका बाजूने किंचित सरकलेले आणि प्रोपेलरच्या एका पात्याचे टोक घासलेले आढळले, म्हणून विमान हँगरमध्ये ओढून घेतले आणि घटना नियमाप्रमाणे डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवली. आम्ही येईपर्यंत काहीही उघडायचे नाही, अशी सूचना पथकाने फोनवरच दिली होती आणि ती योग्य होती. स्ट्रटमध्ये पुन्हा दाब भरून तो उभा केला असता, तर तो किती दबला होता याचा पुरावाच नाहीसा झाला असता.

पथकाच्या प्रमुख अभियंत्याने विमानाला हात लावण्यापूर्वी लँडिंग कोणी पाहिले याची चौकशी केली, आणि या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. नियंत्रण मनोऱ्यातील माणसाचे लक्ष त्या वेळी दुसऱ्या विमानाकडे होते. पाहिले होते ते अग्निशमन गाडीवरील आमच्या गावच्या कर्मचाऱ्याने. त्याला कागदोपत्री कोणी काही विचारलेले नव्हते. “भाऊ, तुम्ही जसं पाहिलं तसंच सांगा,” एवढे म्हणून अभियंता त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला. कर्मचारी म्हणाला, “पहिले मागच्या चाकावर बसलं जी, मंग उसळलं, अन् दुसऱ्यांदा सीधं नाकावरच आलं.” शिक्षकाच्या जबाबात उसळीचा उल्लेख होता, पण नाकाचा नव्हता. या एका वाक्यावरून तपासणी कुठून सुरू करायची हे ठरले.

असे का, हे या विमानाच्या रचनेतून कळते. सेसना १७२ च्या मुख्य चाकांचे पाय पोलादी नळीचे असतात. जोरात टेकल्यावर ते फाकतात, भार झेलतात आणि पुन्हा सरळ होतात. त्यामुळे नवशिक्याची बरीच चूक हे विमान पोटात घालते, अशी त्याची ख्याती आहे, आणि मुख्य चाकांपुरती ती खरीही आहे. परंतु या पायांत तेलाचा दट्ट्या नाही. झेललेल्या ऊर्जेचा थोडा भाग टायर आडवे घासण्यात खर्च होतो आणि उरलेली ऊर्जा विमानाला परत वर फेकते. उसळलेल्या विमानाचा वेग तोवर उतरलेला असतो. नाक वर गेलेले पाहून विद्यार्थी घाबरून कंट्रोल पुढे ढकलतो, आणि दुसऱ्यांदा जमिनीला लागते ते नाकाचे चाक. तेलाचा दट्ट्या असलेला ऑलिओ स्ट्रट फक्त त्याच चाकाला आहे, आणि तो थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पोलादी पडद्यावर बसवलेला आहे. मुख्य चाकांनी माफ केलेल्या चुकीची किंमत दुसऱ्या उसळीत फायरवॉलला मोजावी लागते. १७२ च्या देखभालीत काम केलेल्या कोणालाही हे नवे नाही. परंतु एखाद्या पथकाने तपासणीचा सगळा क्रम त्यावरून बेतलेला मी प्रथमच पाहिला.

व्यवस्थापनाची भिस्त मात्र कॉकपिटमधील जी१००० यंत्रणेच्या कार्डावर होती. उभ्या दिशेच्या त्वरणाची नोंद त्यात असते आणि तेथे दिसणारा आकडा फारसा मोठा नव्हता, तेव्हा एवढा खर्च कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. अभियंत्याचे उत्तर असे, की ही यंत्रणा सेकंदातून एकदा नोंद करते, चाक आपटण्याचा धक्का सेकंदाच्या लहानशा अंशात येऊन जातो, आणि दोन नोंदींच्या मध्ये तो सहज निसटतो. कार्डावरून विमान कोणत्या वेगाने आणि किती झपाट्याने खाली येत होते हे कळेल. धक्का किती बसला हे कळेलच असे नाही. मोठा आकडा दिसला तर तो पुरावा मानावा, लहान दिसला तर त्यावरून विमान निर्दोष ठरवू नये, हे त्याने व्यवस्थापकांच्या गळी उतरवले. आमच्यापैकी कोणी तेच सांगितले असते तर ते काम वाढवण्याचे निमित्त समजले गेले असते.

त्याच संध्याकाळी त्याने हँगरच्या फरशीवर खडूने एक हिशेब मांडला आणि प्रशिक्षणार्थींनाही बोलावून घेतले. करारात हे नव्हते. हलक्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत २०१७ पर्यंत एक जुने सूत्र होते : पंखाच्या दर चौरस फुटावर येणाऱ्या पौंडांतील भाराचे चौथे मूळ काढून त्याला ४.४ ने गुणायचे, की चाकांची रचना सेकंदाला किती फूट उतरणीच्या वेगासाठी असावी तो आकडा येतो. तो ७ पेक्षा कमी आणि १० पेक्षा जास्त धरायचा नाही. १७२ एस चे कमाल वजन २,५५० पौंड आणि पंखाचे क्षेत्रफळ १७४ चौरस फूट धरले, तर उत्तर सुमारे ८.६ फूट, म्हणजे सेकंदाला २.६ मीटर येते. मिनिटाच्या हिशेबाने ते ५०० फुटांच्या थोडे वर जाते. ६५ नॉटच्या वेगाने तीन अंशांच्या उतारावरून येणारे विमान मिनिटाला सुमारे ३४५ फूट खाली येते. विद्यार्थ्याने फ्लेअर, म्हणजे टेकण्यापूर्वी नाक उचलून उतरण मंद करणे, केलाच नाही, तरी उभ्या वेगापुरते ते या मर्यादेच्या आत राहते, हे पाहून मुले चकित झाली.

मग मोडते कसे? फ्लेअर उंचावर होतो, वेग संपतो, पंख उचल सोडतात आणि विमान पडते. २.६ मीटरचा वेग गाठायला मोकळे पडणाऱ्या वस्तूला केवळ ३५ सेंटिमीटर पुरतात. दोन-तृतीयांश भार पंखांनी अजून पेललेला असेल, आणि त्या नियमात तेवढी सूट गृहीत धरता येत असे, तर सुमारे एक मीटर लागतो. शिवाय उतरणीचा वेग दुप्पट झाला की चाकांनी पचवायची ऊर्जा चौपट होते. मुलांना ‘हाय फ्लेअर’ची भीती का घालतात, हे शिक्षकांच्या ओरडण्यापेक्षा त्या खडूच्या रेघांनी अधिक स्पष्ट झाले असावे.

येथे आमच्या हवामानाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण बाहेरच्या पथकाला त्याची पुरेशी कल्पना नव्हती. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती उंची ४,७०० फुटांच्या आसपास भरते. वेगदर्शकावर ६५ नॉट दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे सात टक्क्यांनी जास्त असतो, आणि उसळीनंतर पुन्हा वर जावे म्हटले तर इंजिनाची ताकदही कमी पडलेली असते. त्यात धावपट्टीच्या अलीकडे तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतलेल्या बांध्या आहेत. त्या ओल्या बांध्यांवर हवा बसते आणि तापलेल्या डांबरावर येताच विमान तरंगू लागते. आमच्या बहुतेक उसळ्या दुपारच्या आणि याच टोकाच्या असतात, हे आम्ही सांगितल्यावर पथकाने त्याची टिपणात नोंद घेतली, पण अहवालात ती आली नाही.

प्रोपेलरच्या बाबतीत पथक ताठर राहिले, आणि तसे ते राहिले याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देईन. पात्याचे टोक घासले होते आणि किंचित वळलेही होते. कानशीने घासून ते सरळ करावे आणि इंजिन चालवून पाहावे, असा एक मतप्रवाह आमच्याकडे होता, कारण इंजिन उघडायचे म्हणजे ते उतरवून दूरच्या कार्यशाळेत पाठवणे आले. इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या ५३३ क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये (देखभालीच्या सूचनापत्रात) प्रॉप स्ट्राइकची व्याख्या स्पष्ट आहे : किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती प्रोपेलरला लागत असेल तर तो प्रॉप स्ट्राइक, मग आदळताना इंजिन चालू असो वा बंद. उंच गवत किंवा पाणी यांत पाते शिरून फेरे एकाएकी घसरले, तरी तो प्रॉप स्ट्राइकच. २००४-१०-१४ या क्रमांकाच्या अमेरिकी एडीनुसार (पाळावाच लागणाऱ्या सुरक्षा आदेशानुसार) अशा वेळी क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची जागा, तिची खुंटी आणि बोल्ट यांची तपासणी बंधनकारक आहे. कॅमशाफ्ट, मॅग्नेटो आणि तेलाचा पंप त्याच गिअरवर फिरतात. तो सुटला तर हवेत इंजिन बंद पडते. पथकाने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, आणि इंजिन उतरवल्याखेरीज पुढच्या कोणत्याही कागदावर सही होणार नाही असे सांगितले.

इंजिन उतरवल्याचा दुसरा लाभ असा झाला, की फायरवॉल समोरून मोकळी दिसली. टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून त्यांनी तिचा खालचा भाग तपासला. स्ट्रटच्या खालच्या बैठकीजवळ एक उथळ सुरकुती होती. समोरून पाहिल्यास ती दिसत नव्हती. आत, पेडलांखालच्या पत्र्यावर तिचीच जोडीदार सापडली. त्या ओळीतील काही रिव्हेटभोवती काळपट भुकटीची कड धरलेली होती. रिव्हेट सैल होऊन पत्रा हलू लागला की ती कड धरते, आणि एका आपटीनंतर हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानावर ती धरत नाही. म्हणजे या बैठकीने यापूर्वीही मार खाल्ला होता आणि त्याची नोंद कोठेही नव्हती. पथकाने हे निष्कर्षात स्वच्छ लिहिले. आमच्या विभागाला ते झोंबले, पण लिहिले हे उत्तम झाले.

मुख्य चाकांच्या पायांच्या मुळाशी असलेल्या बैठका, पंखांचे आधारदांडे आणि त्यांचे जोड, शेपटीखालची कडी, मागचा बल्कहेड (सांगाड्यातील आडवा पडदा) हे सारे त्यांनी देखभाल पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणातील यादीप्रमाणे पाहिले आणि त्यात काही निघाले नाही. इंधनाच्या टाक्या या विमानात पंखांच्या सांगाड्यातच बांधलेल्या असतात, म्हणून निळसर डागांसाठी पंखांचे तळ आरशाने तपासले; १००एलएल पेट्रोलला निळा रंग असल्यामुळे झिरपण माग ठेवते. ओळंबा सोडून दोन्ही बाजूंची मापेही घेतली.

आता उणिवा. इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन धरणाऱ्या चौकटीच्या, वेल्डजवळ भेग आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी डाय पेनेट्रंटची, म्हणजे भेगेत मुरणाऱ्या रंगीत द्रवाची, तपासणी भर दुपारी, हँगरच्या दारात ठेवलेल्या माउंटवर केली. धातूला हात लावून पाहावे तर चटका बसत होता. प्रचलित मानकांनुसार ही तपासणी साधारण ४ ते ५२ अंश तापमानात करायची असते. त्यापेक्षा तापलेल्या पृष्ठभागावर लाल द्रव भेगेत मुरण्याऐवजी वरच्यावर सुकू लागतो, आणि असलेली भेग नाही असे दिसू शकते. विदर्भात उन्हात ठेवलेले लोखंड ५२ च्या किती वर जाते, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पथकातील तंत्रज्ञाने तापमान मोजले नव्हते आणि नोंदीत ते लिहिण्याचा रकानाही रिकामा होता. आम्ही हरकत घेतल्यावर प्रमुख अभियंत्याने वाद न घालता ती तपासणी रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, माउंट सावलीत ठेवून, नव्याने स्वच्छ करून पुन्हा केली. भेग निघाली नाही. परंतु हरकत घेणारे कोणी नसते तर पहिलाच निकाल कागदावर गेला असता, आणि अशा पथकाला बोलावणाऱ्या बहुतेक तळांवर हरकत घेणारे कोणी नसते.

तपासणीसाठी खरवडलेल्या जागांवर त्यांनी प्रायमर लावला नाही. ते काम तुमचे, असे जाताना सांगितले. कोरड्या मे महिन्यात हे खपून जाते. मृग लागल्यावर उघड्या पोलादावर गंज धरायला वेळ लागत नाही, आणि सुटे भाग येईपर्यंत मृग लागणार हे दिसत होते. प्रायमर शेवटी आमच्याच माणसांनी लावला.

ज्या तळांवर कंपोझिट (धातूऐवजी काचतंतूसारख्या थरांची) विमाने आहेत त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की या पथकाचे कसब धातूकामाचे आहे. आमच्या शेजारच्या हँगरमधील एक डायमंड डीए४० सहज पाहावी अशी विनंती केली, तेव्हा त्यांनी नाण्याने टकटक करून दोन-चार जागा ऐकल्या आणि पुढे नकार दिला. काचतंतूच्या थरांत आतून पापुद्रा सुटला असेल तर पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो, आवाजातील फरक ओळखायला सराव लागतो, आणि तो आम्हाला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नकार देणारा कारागीर मला नेहमीच विश्वासार्ह वाटत आला आहे, पण ग्राहकाला दुसरे पथक शोधावे लागतेच.

प्रत्यक्ष दुरुस्ती, म्हणजे फायरवॉलच्या खालच्या भागाचे रिव्हेट काढून नवा पत्रा आणि त्यामागचे आधार बसवणे, हे पथकाने दुसऱ्या फेरीत केले. पत्राकाम देखणे आहे. रिव्हेटची ओळ सरळ, कडा घासलेल्या, काउलिंग कोणतीही ओढाताण न करता जागेवर बसते, नाकाचे चाक पेडलांना पूर्वीसारखे हलके प्रतिसाद देते. वेळेच्या बाबतीत मात्र निराशा झाली. सुट्या भागांची मागणी एकाच वेळी न करता त्यांनी दोनदा केली. पहिली खेप येऊन पडली तेव्हा तिच्यासोबत लागणारे आधार मागवलेलेच नव्हते, आणि नागपूरपर्यंत आलेली पेटी पुढे आमच्या गावी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, यावर बरीच पत्रापत्री झाली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी विद्यार्थ्याला २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते, आणि पावसाळ्यापूर्वीचे मोकळ्या आकाशाचे दिवस त्यासाठी अत्यंत मोलाचे असतात. त्या दिवसांत एक विमान उभे राहिले की त्याचा फटका मुलांना बसतो. त्यांतील काहींनी शेतीवर कर्ज काढून फी भरलेली असते.

दराविषयी एवढेच, की आकारणी माणसांच्या दिवसांवर असते, भेगांच्या तपासणीचे पैसे भागागणिक वेगळे, प्रवास आणि मुक्काम वेगळा. तालुक्याच्या गावात मुक्कामाची सोय नसल्यामुळे रोजची ये-जा गाडीने झाली आणि ती बिलात दिसली. पहिले अंदाजपत्रक आणि शेवटचे बिल यांत बरीच तफावत होती. त्यातील मोठा भाग इंजिनाचा असल्यामुळे तक्रार करता येत नाही. पण पात्याचे टोक वळल्याचे फोटो त्यांना आधीच पाठवले होते, तेव्हा ती शक्यता अंदाजपत्रकात धरायला हवी होती.

अहवालाचे दोन भाग पडतात. फायरवॉलविषयीची पाने प्रमुख अभियंत्याने स्वतः लिहिलेली दिसतात : कोणता रिव्हेट, कोणत्या ओळीत, सुरकुतीची लांबी, कोणत्या कोनातून प्रकाश टाकल्यावर ती दिसते, सारे नेमके. उरलेली पाने दुसऱ्या कोणत्या तरी विमानाच्या अहवालावरून उचललेली वाटतात. एके ठिकाणी तर १७२ मध्ये नसलेल्या आत घेता येणाऱ्या चाकांच्या यंत्रणेचा ‘समाधानकारक’ असा शेरा आहे. सीआरएसवर, म्हणजे विमान उड्डाणाला योग्य असल्याच्या दाखल्यावर, सही करणाऱ्या माणसाला असा कागद फाइलला लावणे अवघड जाते, कारण एका खोट्या ‘समाधानकारक’मुळे बाकीच्या खऱ्या शेऱ्यांवरही संशय येतो. आम्ही तो परत पाठवून दुरुस्त करून घेतला.

धातूचे विमान नाकावर आपटले असेल तर या पथकाला बोलवावे, असे माझे मत आहे. मात्र तोच प्रमुख अभियंता येणार असेल तरच, आणि ते कार्यादेशात नावानिशी लिहून घ्यावे. पेनेट्रंटची तपासणी पहाटे आणि तापमानाच्या नोंदीसह होईल, खरवडलेली जागा त्याच दिवशी प्रायमरने झाकली जाईल आणि सुट्या भागांची यादी एकदाच, संपूर्ण दिली जाईल, हेही त्यातच घालावे. आमच्या कार्यादेशात यांतले काही नव्हते. फायरवॉलच्या फोटोंची क्रमवार पुरवणी त्यांच्याकडून अद्याप यायची आहे, आणि ती येईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता आमच्या लेखा विभागाने रोखून धरला आहे.